हापशावरची बातमी

नोकरीला लागले तेव्हा मी जालन्याहून अपडाऊन करायची. सकाळी भोकरदनच्या एसटीनं केदारखेड्याला उतरायचं आणि तिथून पायी शाळेचं गाव गाठायचं. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. आम्ही पाच शिक्षक, त्यात बाई मी एकटीच. खांद्याला पर्स, हातात जेवणाचा डबा आणि काखेत पाण्याची बाटली. गावच्या पाण्यानं पहिल्याच महिन्यात मला आठ दिवस अंथरुणात घातलं होतं, तेव्हापासून घरचं उकळलेलं पाणी सोबत असायचं. आईनं त्या बाटलीला जुन्या साडीची पिशवी शिवून दिली होती. पिशवी ओली केली की पाणी दुपारपर्यंत गार राहायचं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

मी तापट होते. अजूनही आहे, घरचे सांगतील. पण पोरांचं मन लावून करायची, हेही तितकंच खरं. नव्वदीची सुरुवात होती, लग्न व्हायचं होतं, अंगात उत्साह मावत नव्हता. हेडमास्तर निवृत्तीला टेकलेले, माणूस देवभोळा आणि गरीब. त्यांनी सकाळचा परिपाठ माझ्या गळ्यात घातला आणि सुटकेचा श्वास सोडला.

परिपाठात प्रार्थना, सुविचार आणि मग बातम्या. या बातम्यांचा मोठा वांधा होता. पेपर गावात यायचा दुपारच्या गाडीनं, म्हणजे सकाळी वाचायला कालचाच. पाचवीतलं पोरगं 'आंतरराष्ट्रीय' या शब्दापाशी अडखळून उभं राहायचं आणि सगळी शाळा उन्हात ताटकळायची. एक दिवस मी चिडून म्हटलं, ठेवा तो पेपर बाजूला, आपल्या गावाची बातमी सांगा.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला वाचा फुटली. "आमची म्हैस याली. पारडी झाली." "मारुतीच्या पाराजवळच्या लिंबावर मधमाशा बसल्या, कुणी दगड मारू नये." "काल बोअर घेतला, धुरळा निघाला, पाणी न्हाई लागलं." प्रत्येकानं शेवटी रेडिओसारखं छाती काढून म्हणायचं, 'बातम्या संपल्या.' हेडमास्तरसुद्धा हसून हसून डोळे पुसायचे.

मग एका चौथीतल्या बहाद्दरानं कुठल्या दोन भावांची बांधावरून डोकी फुटली ते नावानिशी सांगितलं. त्यातला एक भाऊ डोक्याला फडकं बांधून शाळेत आला आणि हेडमास्तरांना फैलावर घेतलं. तेव्हा मी दोन नियम घातले. पहिला, बातमी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली पाहिजे. दुसरा, कुणाचं नाव घ्यायचं नाही.

या दोन्ही नियमांत बरोबर बसणारी एक पोरगी पाचवीत होती. ओढ्यापलीकडच्या मळ्यातून तीन घरच्या तिघी जणी यायच्या, त्यातली ही वयानं मधली. काळीसावळी, काटकुळी, वेणीला लाल रिबीन आणि समोरचा एक दात अर्धा तुटलेला. दाताचं विचारलं तर "पडले" एवढंच म्हणायची. बातमी मात्र अशी मोजून मापून सांगायची की पोरं तिला बातमीवालीच म्हणायला लागली. मीही तेच म्हणायची. तिच्या बातमीची मी मनातून वाट बघायची, हे तिलाही माहीत असावं.

गणपती बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बातमीवाली पुढे आली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "परवा शाळेतल्या काही मुली दिवसभर पाणी पिल्या न्हाईत. बातम्या संपल्या."

परवा म्हणजे हरतालिका. बरा नवरा मिळावा म्हणून मी स्वतः त्या दिवशी निर्जळी उपास केला होता, त्यामुळे माझं डोकं सरळ तिकडेच धावलं. मला हसू आलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं बायांनो, इवल्याशा पोरींनी निर्जळी उपास करू नयेत. नवरा पळून जात नाही." सगळी शाळा खो-खो हसली. हेडमास्तर हसले. बातमीवाली हसली नाही. ओठ मिटून जागेवर जाऊन उभी राहिली.

चार दिवसांनी पुन्हा तीच. "कालबी शाळेतल्या काही मुली दिवसभर पाणी पिल्या न्हाईत. बातम्या संपल्या."

"अगं, हरतालिका होऊन गेली ना?" मी म्हटलं.

"उपास न्हाई, बाई."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मास्तरीण ती आहे आणि गणित चुकलं ते माझं. मी परिपाठ आटोपला आणि तिला ऑफिसात बोलावलं. काय ते सांग म्हटलं, तर गप्प. समजावलं, रागावले, खडीसाखर दिली. खडीसाखर खाल्ली आणि गप्प.

"अगं, मग मला कळणार कसं?"

"नाव घ्यायचं न्हाई, असं तुमीच म्हणल्त्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमी या ना हापशावर. मधल्या सुट्टीत."

त्या शाळेत मला सव्वा वर्ष झालं होतं आणि मधल्या सुट्टीत मी एकदाही हापशाकडे गेले नव्हते. कशाला जाऊ? माझी बाटली होती. ऑफिसात पंख्याखाली डबा खायचा, वर गार पाणी प्यायचं, वह्या तपासायच्या. हापसा शाळेच्या मागे, भिंतीच्या आड होता. तिथून पोरांचा गलका यायचा, आणि मला वाटायचं, खेळतात बिचारी.

त्या दुपारी मी भिंतीच्या कोपऱ्यावर उभी राहून बघितलं. सातवीतली तीन दांडगी पोरं हापशाच्या ओट्यावर बसलेली. हापसायची पाळी आपलीच, असा त्यांचा कायदा. मुलगी ओंजळ धरून वाकली की म्होरक्या दांडा थांबवायचा. ती वर बघायची. मग एकदम जोरात हापसून तिच्या नाकातोंडात पाणी घालायचा. एखादीनं चिडून स्वतः दांडा धरला आणि अंगाच्या भारानं खाली ओढला, की दुसरा खालून लाथ मारायचा. दांड्याचा एक बोल्ट गळून पडलेला होता. तो लोखंडी दांडा वेडावाकडा उसळून वर यायचा, थेट हनुवटीपर्यंत. मला तो अर्धा दात आठवला. मुली लांब लिंबाखाली कोरडी भाकर चावत बसल्या होत्या.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. म्होरक्याचा कान हातात होता, एवढं आठवतं. हेडमास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोरंच ती, बाई. चालायचंच." मी म्हटलं, चालायचं नाही. त्याच दुपारी हापशाच्या बोल्टसाठी तालुक्याला अर्ज लिहून त्यांची सही घेतली. आणि शाळा सुटल्यावर, पदर खोचून, ओढा ओलांडून मळ्यात गेले.

ती माझी आयुष्यातली मोठी चूक. त्या वेळी मात्र आपण झाशीची राणी आहोत असं मला वाटत होतं.

बातमीवालीचे वडील सालस माणूस. बाज टाकली, तिच्यावर घोंगडं अंथरलं, चहा करायला लावला. मी तोंड भरून सगळं सांगितलं. पोरं कशी त्रास देतात, दात कसा तुटला, पोरी कशा दिवसभर तहानेल्या राहतात. शेजारच्या दोन घरची माणसंही ऐकायला आली. बातमीवाली दाराच्या आड उभी होती. मी बोलत होते आणि ती हळूहळू मान हलवत होती, नाही, नाही, अशी. मला वाटलं, लाजतेय.

"बरं झालं बाई, तुमी सांगितलं," वडील हात जोडून म्हणाले. "आमाला काहीच म्हाईत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिघीही शाळेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरं आली, म्होरक्या आला, कान जरा लाल होता इतकंच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी पाठ्यपुस्तकातून शिकवत होते. आता घडवूनही दाखवलं.

चौथ्या दिवशी मी पुन्हा मळ्यात गेले. वडील तितकेच नम्र. "बाई, आपली पोरीची जात. कुठं कमीजास्त झालं म्हंजे? कामून ही झंझट? चार अक्षरं येऊन राह्यलीत तिला, बस झालं."

"पण इतके दिवस तर पाठवत होतात!"

"तवा म्हाईत नव्हतं ना," ते म्हणाले. "तुमीच तर सांगितलं."

परत निघाले तेव्हा बातमीवाली ओढ्यापर्यंत मागे मागे आली. मी म्हटलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस, घरी बोलू नका म्हणून?" ती म्हणाली, "मी घरी सांगितलंच न्हाई ना, बाई. दात पडल्यावरबी. घरी सांगितलं की शाळा बंद. म्हणून तर बातमीत सांगितलं."

दहा वर्षांची पोर. तिनं किती विचार करून ती वाट शोधली होती. घरच्यांना कळू नये, कुणाचं नाव निघू नये, फक्त शाळेला कळावं. आणि मी शहाणी, ती बातमी उचलून तिच्या अंगणात नेऊन ओतली. ओढा ओलांडताना मी रडले. पाणी गुडघ्याएवढं होतं आणि चपला हातात होत्या, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

दुसऱ्या दिवशी मी म्होरक्याला ऑफिसात बोलावलं. त्यानं आत येताच सवयीनं हात पुढे केला, छडीसाठी. तो पुढे केलेला हात बघून मला छडी उचलावीशीच वाटेना. म्हटलं, "हात खाली घे. उद्यापासून परिपाठातली बातमी तू सांगायची."

त्याचा चेहरा पडला. दहा छड्या चालल्या असत्या त्याला. अख्ख्या शाळेसमोर उभं राहून बोलायचं म्हणजे त्याला फाशीच. दुसऱ्या दिवशी कसाबसा पुढे आला, जमिनीकडे बघत म्हणाला, "चौथी ते सहावीच्या तीन मुली शाळेत येत न्हाईत. बातम्या संपल्या."

"डोळ्यांनी बघितलंस?"

"वर्गात दिसत न्हाईत, बाई."

"दिसत नाहीत, ही बातमी नाही. कुठे आहेत, काय करतात, ते बघून ये."

"मळ्यात जाऊ?"

"नियम काय आहे?"

दोन दिवस तो टाळत राहिला. रोज उभा राहायचा, रोज तेच सांगायचा, आणि मी रोज "डोळ्यांनी बघितलंस?" म्हणून त्याला खाली बसवायची. त्याचे दोघे दोस्त आधी खिदळले, मग तेही गप्प झाले. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. ओढ्यातून सरळ शाळेत आला होता.

"एक मुलगी वढ्यावर म्हशी धूत होती," त्यानं सांगितलं. "तिनं मला विचारलं, आता बातमी कोण सांगून राह्यलं? मी म्हणलं, मी. ती म्हणली..." इथे तो थांबला. शाळा थांबली. "ती म्हणली, नीट सांगत जा, पुटपुटत न्हाई. मागच्यांना ऐकू जात न्हाई." आणि तो रडायलाच लागला. सातवीतला आडदांड पोरगा, बाही डोळ्यांवर घेऊन. बातम्या संपल्या हे म्हणायचं राहून गेलं.

माणूस कशानं वितळेल काही सांगता येत नाही. ती दगड मारती, शिव्या देती, तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं त्याला बातमी सांगायला शिकवलं.

त्याचा थोरला भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता. म्होरक्यानं हापशाच्या भोकाचं माप सुतळीनं घेतलं, सुतळीला गाठ मारली आणि भावाकडे पाठवली. हेडमास्तर घाबरले. "सरकारी हापसा, बाई. आपण हात लावलेला चालतो का?" मी म्हटलं, तुम्ही गावात दवंडी पिटायला जाऊ नका म्हणजे झालं. तालुक्याच्या अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं. सुट्टीच्या वारी भाऊ टेम्पोनं आला, खिशात बोल्ट, हातात पाना. दोघा भावांनी तासाभरात दांडा बसवला. मी कौतुक करायला गेले तर म्होरक्या म्हणाला, "जल्दी पोरींच्या घरी सांगा ना, बाई." मी म्हटलं, माझ्या सांगण्यानं काय होतं ते बघितलंस ना? तूच सांग.

मग तो गेला. काय बोलला, किती बोलणी खाल्ली, मला कधीच कळलं नाही. पण त्याच आठवड्यात एका दुपारी बातमीवालीचे वडील शाळेत आले. सोबत ती होती, रिबीन न बांधलेली. मधली सुट्टी चालली होती. ते ऑफिसात आलेच नाहीत, सरळ हापशावर गेले. आम्ही मागून धावलो.

त्यांनी दांडा हलवून बघितला. बोल्टवरून बोट फिरवलं. मग म्होरक्याला म्हणाले, "हापस." तो हापसू लागला, एकसारखा, हळू, एखाद्या म्हाताऱ्याला पाजावं तसा. त्यांनी ओंजळीनं पाणी पिलं, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळले.

"बाई, एक विचारू का? राग येऊ देऊ नका. तुमी पेता का हितलं पाणी?"

माझ्या काखेत बाटली होती. आईनं शिवलेली, ओली पिशवी घातलेली. मघाशी धावपळीत ऑफिसातून तशीच उचलून आणली होती. मी त्या बाटलीकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

"न्हाई, पोट बिट असल, मी समजतो," ते घाईनं म्हणाले. मला लाजवायचं त्यांच्या मनात नव्हतं. "पण हितं कुणी मोठं माणूस येतच नसल, तर हितं काय होऊन राह्यलं ते कळणार कसं? पोरीनं कुणाला सांगावं?"

सव्वा वर्ष मी उंटावरून शेळ्या हाकत होते. एक बाटली नसती, तर मला रोज दुपारी या ओट्यावर यावं लागलं असतं, आणि तो दात शाबूत राहिला असता. मी बाटली कुणाच्या तरी हातात दिली, पदर सावरला आणि वाकले. म्होरक्या हापसत होता. पाणी मचूळ होतं, थोडं लोखंडाच्या चवीचं. ओंजळ मला नीट धरता येईना, अर्धी साडी भिजली, नाकात पाणी गेलं, ठसका लागला. बातमीवाली वडिलांच्या मागून एकटक बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. रिबीन बांधून आली, सोबत धाकटीला घेऊन आली. तिसरी आली नाही. ती थोरली, सहावीतली. घरी बसल्याला वीसेक दिवस झाले होते, तेवढ्यात पाहुणे येऊन गेले, सुपारी फुटली. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले, भांडले, पाया पडायची बाकी ठेवली. तिचे वडील म्हणाले, शब्द दिला बाई. वैशाखात तिचं लग्न झालं. त्या वीस दिवसांचं देणं माझ्याकडे लागतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मी दुसऱ्या कुणावर ढकललेलं नाही. हे पुढचं झालं. त्या सकाळचं सांगते.

परिपाठ उभा राहिला. म्होरक्यानं न सांगता जागा सोडली आणि बातमीवाली पुढे आली. हात मागे बांधले.

"आपल्या शाळेतल्या एक बाई परवापर्यंत हापशाचं पाणी पीत नव्हत्या. काल पिल्या. नाव घ्यायचं न्हाई."

बाई शाळेत एकटीच. असा हशा पिकला, की लिंबावरचे कावळे उडाले. हेडमास्तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मीही हसले, आणि डोळे पुसले. ती मात्र शाळा शांत व्हायची वाट बघत उभी होती.

"दुसरी बातमी," ती म्हणाली. "वढ्यापलीकडून तीन मुली शाळेत यायच्या. आज दोन आल्या."

आणि ती जागेवर जायला निघाली. मी म्हटलं, "अगं, बातम्या संपल्या म्हण ना."

"संपल्या न्हाईत, बाई," ती म्हणाली. "ती आली की म्हणीन."

मी त्या शाळेत आणखी तीन वर्षं होते. बाटली पुन्हा नेली नाही. पोट पहिल्या आठवड्यात गुरगुरलं, मग मुकाट झालं, आणि मधल्या सुट्टीत माझा डबा हापशाच्या ओट्यावर उघडायला लागला. म्होरक्या सातवी होऊन गेला, बातमीवाली सातवीत आली. परिपाठ रोज व्हायचा, बातम्याही रोज व्हायच्या, पोरं कुठल्या कुठल्या म्हशी, बोअर आणि मधमाशा घेऊन यायची. पण शेवटचं ते वाक्य आमच्या शाळेत पुन्हा कुणी म्हटलं नाही. मीही कुणाला म्हणायला लावलं नाही.